झरीच्या वाटेवरचा खडक

पुणे–मिरज लोहमार्गावरील किर्लोस्करवाडी स्थानकावर उतरले की कुंडल थोड्याच अंतरावर आहे. पलूस तालुक्यातील हे गाव जैन समाजाला कलिकुंड, झरी आणि गिरी या तीन पार्श्वनाथांमुळे परिचित आहे. गावातील कलिकुंड पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन यात्रेकरू डोंगराकडे वळतात. परंतु दर्शनाच्या ओढीने पावले घाईत पडतात आणि वाटेवरचा खडक पाहावयाचा राहून जातो.

हा खडक म्हणजे काळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळलेला लाव्हा थरांवर थर पसरून निवला आणि दख्खनचे पठार घडले. निवताना खडक आकसून त्याला भेगा पडल्या. कोंडलेल्या वायूंच्या बुडबुड्यांमुळे काही थर सच्छिद्र झाले. पुढील घडाई ऊन, वारा आणि पावसाने केली. कठीण थर कड्यासारखे उभे राहिले, मऊ थर झिजून त्यांखाली कपारी झाल्या. चौकोनी तुटलेल्या शिळांचे कोपरे आधी झिजतात. म्हणून त्या हळूहळू गोलाकार होतात आणि कांद्याप्रमाणे त्यांचे पापुद्रे सुटू लागतात.

झरी पार्श्वनाथांच्या गुहेत पाझरणारे पाणी हे याच रचनेचे फळ आहे. माथ्यावरचे पाणी माती व भेगांतून खाली उतरते आणि अभेद्य थर लागला की आडवे सरकून कपारीत पाझरते. पावसाने ठेवलेली ठेव खडक थेंबाथेंबाने परत करतो. मात्र ठेव भरलीच नाही, तर परतफेड कशाची होणार? माथ्यावरचे गवत जळाले, माती वाहून गेली, तर पाऊस उतारावरून धावत निघून जातो आणि पाझर मंदावतो.

जवळच्या सागरेश्वराच्या टेकड्याही एकेकाळी उजाड होत्या. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने तेथे वनराई उभी राहिली आणि १९८५ मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला. उघडा पडलेला डोंगर पुन्हा हिरवा होऊ शकतो, याची ही साक्ष आहे.

जैन दर्शनाने मातीपाषाणात पृथ्वीकाय आणि पाण्यात अप्काय जीव पाहिले. पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकावे, असे मुनींची ईर्यासमिती सांगते. श्रावकाने तिचा थोडा अंश या वाटेवर पाळला, तरी खडक आपोआप दिसू लागेल. नाव कोरण्यासाठी नातवाने उचललेला अणकुचीदार दगड आजोबांनी जागच्या जागी ठेवायला लावला आणि त्याला शिळेचे पापुद्रे दाखवले, तर ती यात्रा गुहेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच सफल झाली म्हणायची.