आईचा विसर आणि ब्राह्मीची बाटली

वय झाले की माणूस विसरतोच, असे आपल्या वस्तीत सहज म्हटले जाते. आमच्या आईला १९५६ च्या डिसेंबरात दादरला लोटलेला जनसागर आठवतो. पण सकाळी भाकरी खाल्ली की नाही, हे दुपारी आठवत नाही. कधीच बंद पडलेल्या गिरणीतून वडील येतील म्हणून ती दाराशी बसते. हा नुसता विसराळूपणा नव्हे, स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. त्यात बहुधा नवे आधी पुसले जाते, जुने उशिरा.

हे कळताच उपाय सांगणारे घरी येऊ लागले. कुणी ब्राह्मी सांगितली, कुणी शंखपुष्पी, वेखंड, मालकांगोणीचे तेल. कुणी अंगारा आणला, तो आम्ही दारातूनच परत पाठवला. झाडपाल्याचे मात्र तसे नाही. औषधी नसलेली वनस्पती शोधायला निघालेला जीवक तक्षशिलेत रिकाम्या हाताने परतला, ही कथा विनयपिटकात आहे. पण तथागतांनी कालामांना सांगितले तसे, कोणी सांगितले म्हणून मानायचे नाही, पारखून घ्यायचे.

आम्ही चौकशी केली. ब्राह्मी या एकाच नावाने बाजारात दोन वनस्पती विकतात, नीरब्राह्मी आणि मंडूकपर्णी. नीरब्राह्मी सुमारे १२ आठवडे घेतल्यावर निरोगी माणसांची स्मरणशक्ती थोडी सुधारल्याचे लहान प्रयोगांत दिसले. स्मृतिभ्रंश तिने बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. काहींना मळमळ व जुलाबही होतात. गिंकोच्या गोळ्या अमेरिकेत ३ हजारांहून अधिक वृद्धांवर तपासल्या. त्यांनी हा आजार टळत नाही, असे २००८ साली जाहीर झाले. गॅलँटामाइन हे औषध मात्र मुळात एका फुलझाडातूनच मिळाले. २००१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. तेही आजार बरा करत नाही, लक्षणे काही काळ आवरते.

एका फिरत्या विक्रेत्याने बिनलेबलच्या बाटलीसाठी आमच्याकडे महिन्याच्या रेशनाएवढे पैसे मागितले. अशा काही औषधांत शिसे आणि पारा सापडलेला आहे. तेवढ्या पैशांत रक्ताची तपासणी होते. थायरॉईडचा दोष किंवा बी-१२ ची कमतरता असेल, तर उपचाराने विसर कमी होऊ शकतो. म्हणून आधी सरकारी दवाखाना गाठावा. घरात चालू असलेला प्रत्येक काढा, प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवावी.

लहानपणी शिक्षण कमी मिळणे, हेही या आजाराचा धोका वाढवणाऱ्या कारणांपैकी एक आहे. आमच्या आईच्या पिढीतल्या किती मुलींना शाळा मिळाली, हे आपण जाणतोच. बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले, त्याचा हाही एक अर्थ.

आजारी भिक्षूला तथागतांनी स्वतः आंघोळ घातली होती. तेव्हा बंधूंनो, आईची सेवा एकट्या सुनेवर टाकू नका, पाळ्या लावा. तिच्या बटव्यात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवा. आणि एकच प्रश्न तिने दहा वेळा विचारला, तरी दहाव्यांदाही शांतपणे उत्तर द्या.