आहे, पण सापडत नाही

आमच्या घरात एखादी वस्तू हरवली की सौ.चे एक ठरलेले वाक्य असते, "अहो, आहे तिथेच आहे. तुम्हांला दिसत नाही." चष्मा असो, पासपोर्ट असो की गोड्या मसाल्याचा डबा, वाक्य तेच, आणि दुर्दैवाने दर वेळी ते खरे ठरते. काही महिन्यांपूर्वी हाच धडा आम्हांला संगणकाने दिला. म्हटलं, मंडळाच्या वाचकांना सांगावे. घरोघरी मातीच्या चुली, आणि हल्ली घरोघरी लॅपटॉप.

त्याचे असे झाले. आमच्या मातोश्री साताऱ्याला असतात. त्यांचे सहस्रचंद्रदर्शन आले होते. २०२० आणि २०२१ साली सिंगापूरहून भारतात जाणे-येणे अवघड होऊन बसले होते, तेव्हा दर रविवारी आमची कन्या आजीशी फोनवर बोलायची आणि ते बोलणे मुद्रित करून ठेवायची. माहेरच्या गोष्टी, जात्यावरच्या ओव्या, १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची ती पहाट, असे पुष्कळ काही त्यात आहे. कन्येने ठरवले की या सगळ्यातून तासाभराचे एकसंध मुद्रण करायचे आणि समारंभात आजीला ऐकवायचे.

यासाठी तिने एक खिडक्या-बटणांचा छानसा प्रोग्रॅम घेतला. खरे काम त्याच्या पोटात दुसराच एक प्रोग्रॅम करतो, त्याचे नाव एफएफएमपेग. याला ना खिडकी ना बटण; काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा आणि निमूटपणे काम करून घ्यायचे. कन्येने तोही स्वतःच बसवला. तरी वरचा प्रोग्रॅम म्हणे, "एफएफएमपेग सापडत नाही."

विमान शुक्रवारचे. बुधवारी रात्री प्रकरण आमच्याकडे आले. आम्ही पडलो इंजिनिअर, त्यातून परदेशातली मास्टर्सची पदवी. ऐकून न घेताच निकाल दिला, "नीट इन्स्टॉल केलं नसशील."

तिने काळी खिडकी उघडून हुकूम दिला. एफएफएमपेगने आवृत्तीच्या आकड्यासकट हजेरी लावली. "बघा बाबा, आहे."

आम्ही तरीही ते काढून पुन्हा बसवले. मग आणखी एकदा बसवले. लॅपटॉप बंद करून चालू केला. काळ्या खिडकीत हजर, रंगीत खिडकीत गैरहजर! साडेअकराला कन्या उठली. "मी पहिल्यापासून तेच सांगतेय. इकडे आहे, तिकडे नाही. तुम्ही ऐकतच नाही." आणि ती झोपायला गेली.

मग आम्ही एकटेच चहा करून बसलो आणि पहिल्यांदाच तिच्या वाक्याचा विचार केला. इकडे आहे, तिकडे नाही. म्हणजे वस्तू ठीक आहे, शोधणारे दोन आहेत आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी शोधताहेत. हे आम्हांला विद्यार्थिदशेतच कळायला हवे होते, कारण ही भानगड आमच्या पदवीपेक्षा जुनी आहे.

सांगायचा मुद्दा असा. संगणकाला नुसते नाव सांगितले तर तो सगळे घर धुंडाळत नाही. त्याच्याजवळ 'पाथ' नावाची एक यादी असते. अमुक फडताळ बघ, नसेल तर तमुक बघ. यादीतली फडताळे संपली की तो "नाही" म्हणून मोकळा होतो. आज दिसते त्या स्वरूपातली ही पद्धत बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासूनची, म्हणजे १९७९ सालची. प्रत्येक प्रोग्रॅमला ही यादी मिळते ती, ज्याने त्याला सुरू केले त्याच्याकडून. एका परीने वारसाहक्कच म्हणा ना. जन्मताना एक प्रत हाती पडते; पुढे आईबापांनी आपली यादी सुधारली, तरी पोराच्या हातातली जुनीच राहते.

आता मॅकमधली गंमत पाहा. २००१ साली मॅक ओएस टेन आली तेव्हा चित्रांच्या खिडक्या आणि युनिक्सचा काळा पडदा ही दोन घराणी एका छपराखाली नांदू लागली. काळी खिडकी उघडली की तिथे 'शेल' जागा होतो (२०१९ पासून नव्या खात्यात तो झी-शेल असतो) आणि तो तुमच्या खात्यातल्या खासगी चिठ्ठ्या वाचतो. बाहेरचे प्रोग्रॅम बसवून देणारा होमब्रू याच चिठ्ठीत आपली ओळ घालायला सांगतो. नव्या, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर त्याचे फडताळ 'ऑप्ट'मधल्या 'होमब्रू'त असते. चिठ्ठी वाचली, फडताळ यादीत आले, वस्तू सापडली.

पण पडद्याच्या तळाशी असलेल्या चित्रावर टिचकी मारली की तो प्रोग्रॅम शेलच्या पोटी जन्मत नाही. त्याचा जन्मदाता 'लाँच-डी'. हे २००५ पासूनचे मॅकमधले मूळपुरुष. यंत्र सुरू झाले की पहिला मान यांचा. हे कोणाची खासगी चिठ्ठी वाचत नाहीत. यांच्या यादीत मुळातली चारच सरकारी फडताळे. होमब्रूचे त्यात नाही. मग दहा वेळा बसवा की शंभर वेळा, "सापडत नाही" हेच उत्तर! लिनक्समध्येही बॅश-शेलच्या चिठ्ठीत लिहिलेले चित्रावरून उघडलेल्या प्रोग्रॅमला कळत नाही. विंडोजवर यादी बदलली तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम जुनीच प्रत धरून बसतो. तो बंद करून पुन्हा उघडावा लागतो.

उपाय? प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये एक रिकामी चौकट होती. नुसत्या नावाऐवजी तिथे पूर्ण पत्ता लिहिला, ऑप्ट, त्यात होमब्रू, त्यात बिन, त्यात एफएफएमपेग. क्षणात चालू! सिंगापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. इथे १९९५ पासून इमारतीगणिक सहा आकडी पिनकोड आहे. टॅक्सीवाल्याला सहा आकडे सांगितले की तो थेट ब्लॉकखाली आणून सोडतो. "देवळामागे कुलकर्ण्यांकडे" हे साताऱ्यात चालते, कारण तिथल्या रिक्षावाल्याच्या यादीत कुलकर्णी असतात. (काही शहाणे प्रोग्रॅम, उदाहरणार्थ व्हीएस कोड, सुरू होताना गुपचूप एक शेल उघडून त्याची यादी विचारून घेतात. पण सगळेच एवढे चौकस नसतात.)

चूक कोणाचीच नव्हती. दोन्ही बाजू आपापल्या नियमाने चोख वागत होत्या. चुकलो आम्ही, न ऐकता ओरडलो म्हणून.

रात्री एक वाजता आणखी एक गोष्ट आठवली आणि चहा कडू लागला. कन्या घरात आजीशी, आईशी घडाघडा मराठी बोलते. इथल्या शाळेत मातृभाषा म्हणून घेता येणाऱ्या भारतीय भाषांत तमिळ आहे, आणि शिवाय बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी, उर्दू. मराठी नाही, म्हणून ती हिंदी शिकते. मंडळाच्या गणेशोत्सवात कोणी काकू विचारतात, "काय गं, कितवीत आहेस?" आणि ही गप्प, नाहीतर इंग्रजीत उत्तर. घरी येताना एमआरटीत आम्ही हमखास ओरडतो, "एवढं शिकवलं, तरी येत कसं नाही?" ती एकदा म्हणाली होती, "येतं बाबा. तिथे सुचत नाही." आम्ही काय केले? पुन्हा बसवायला घेतले! शनिवारची शिकवणी, बाराखडीची उजळणी, पाठांतर. वस्तू जागेवरच होती. जी मुलगी सकाळी शाळेच्या हाकेला उठते, तिच्या दिवसभराच्या यादीत ते फडताळच नाही, हे आमच्या ध्यानात आले नाही.

सकाळी आम्ही कन्येची माफी मागितली. चौकटीत काय लिहिले तेही दाखवले. ती एवढेच म्हणाली, "म्हणजे माझं बरोबर होतं ना?" होते.

साताऱ्यात समारंभ झाला. एक तास सगळे शांत बसून ऐकत होते. मातोश्री स्वतःचाच आवाज कानावर हात ठेवून ऐकत होत्या. नंतर एका मावशींनी विचारले, "हिला मराठी येतं का हो?" कन्या गप्प. एरवी आम्ही "बोल की!" म्हणालो असतो. या वेळी म्हणालो, "अगं, कोयनेच्या पहाटे आजीने आधी कोणाला बाहेर काढलं, ते सांग ना मावशींना."

"म्हशीला!" कन्या म्हणाली, आणि पुढे दहा मिनिटे थांबली नाही.