आवाज गेला, घुमारा राहिला

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या शाळेच्या गॅदरिंगला गेले होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं होऊन गेली, तरी आमंत्रण येतं. पुढच्या रांगेत बसलं की हारतुरे आणि भाषणं चुकत नाहीत, म्हणून मी आपली मागे जाऊन बसले. तिथेच साउंडवाल्याचं टेबल होतं.

"बाई, ओळखलंत का?"

चेहरा ओळखला आणि पोटात खड्डाच पडला. १९९४ साल. हा सातवीत होता. समूहगीतात बेसूर व्हायचा. स्पर्धा तोंडावर आलेली. मी त्याला म्हटलं होतं, "तू नुसते ओठ हलव."

आता त्याच्यापुढे बत्तीस चॅनेलचा डिजिटल मिक्सर होता. एक्स-३२ म्हणे. त्यानं शेजारी खुर्ची दिली. मी विचारलं, "दोन हातांनी एवढे आवाज कसे रे सांभाळतोस?"

"डीसीए, बाई. या मिक्सरवर आठ आहेत."

मग त्यानं मला शिकवलं. मुलांच्या गाण्याचे सहा माइक, पेटी-तबला, निवेदन. प्रत्येकाला आपला फेडर. गाण्याचे सहाही त्यानं एका डीसीएला जोडलेले. गंमत अशी की डीसीएमधून आवाज जातच नाही. तो फक्त लांबून हुकूम देतो. एक माइक उणे ५ डेसिबलवर, दुसरा उणे १२ वर असेल आणि डीसीए १० नं खाली आणला, तर ते होतात उणे १५ आणि उणे २२. फरक सातचा सातच. तालमीत जमवलेला मेळ बिघडत नाही.

"मग सगळे आवाज एकत्रच का नाही करत?"

"तो सबग्रुप. जुन्या मिक्सरवर मी तेच करायचो. एकदा नाट्यगीत संपल्यावर सबग्रुप झपकन खाली ओढला. आवाज गेला, पण रिव्हर्ब प्रत्येक माइकच्या फेडरवरूनच वेगळ्या वाटेनं निघालेला, तो चालूच! बाई विंगेत गेल्या आणि घुमारा स्टेजवर." डीसीएत प्रत्येक माइकचाच आवाज उतरतो, म्हणून रिव्हर्बही मागोमाग उतरतो. तोटा एकच, तो म्हणाला. डीसीए खाली ठेवून विसरलं, की मग माइकचा फेडर कितीही वर करा, आवाज नाही! घाम फुटतो अगदी.

एवढ्यात समूहगीत सुरू झालं. पहिल्याच कडव्यात तिसऱ्या माइकवरचा मुलगा भरकटला. माझे कान अजून शाबूत आहेत! त्याचा हात तिकडे गेला. आता हा माइक बंद करणार, असं मला वाटलं. पण त्यानं फेडर जरासा खाली घेतला, इतकंच. मग अख्खा डीसीए किंचित वर केला. बाकीच्यांत तो मुलगा मिसळून गेला.

"म्यूट नाही केलास?"

"गातोय ना तो." मग थांबून म्हणाला, "स्टेजवर त्यांच्यासमोर मॉनिटर आहे ना, त्यात जाणारा आवाज फेडरच्या आधीच घेतलाय. मी इथे कमी केलं तरी त्याला स्वतःचा आवाज तेवढाच ऐकू येतो. म्यूट केलं असतं तर तिथूनही गेला असता. पोरगं बावरलं असतं."

मी धीर करून विचारलं, "तुला आठवतं का रे, सातवीत..."

"आठवतं ना!" तो हसला. "पहिला नंबर आला होता आपला."

'आपला' म्हणाला तो. मला काही बोलवेना.

चौतीस वर्षं मराठी शिकवलं. वर्गात गोंगाट झाला की एकाला उभं करायचं, तो गप्प झाला की बाकीचे गप्प. ती युक्ती हमखास लागू पडायची. किती जणांचं बटण असं दाबलं, याचा हिशोब कधी ठेवला नाही. मी विंगेत आले कधीच, घुमारा मात्र...

असो. निघताना त्याला म्हटलं, "पुढच्या वर्षी आले की पुन्हा इथेच बसेन."

"या ना बाई. एक डीसीए तुम्हाला देतो."