झाडीपट्टीतील नाट्यरात्र आणि घरातील ज्येष्ठ

दिवाळी सरली, भाऊबीज आटोपली आणि धान घरी आला, की चंद्रपूर-गडचिरोलीकडील गावांत पानठेल्यांच्या पाट्यांवर, एसटीच्या थांब्यांवर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतींवर नाटकांची रंगीत पोस्टरे झळकू लागतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांचा वनाच्छादित, धानपिकाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. येथील रंगभूमीचा हंगाम होळीपर्यंत चालतो. नाटक रात्री नऊ-दहाच्या सुमारास सुरू होते आणि कोंबडा आरवेपर्यंत रंगते. आपल्या घरी सत्तरी-पंचाहत्तरीचे कुणी असेल आणि अशा नाटकाचे बोलावणे आले असेल, तर त्यांना न्यावे की घरी ठेवावे, हा प्रश्न आपल्यासमोर उभा राहिलाच असेल. या लेखात त्याच प्रश्नाचा विचार करू.

या रंगभूमीचे केंद्र वडसा. सरकारी कागदोपत्री त्याचे नाव देसाईगंज. ब्रह्मपुरीहून वैनगंगेचा पूल ओलांडला की आपण येथे पोहोचतो. चंद्रपूर-गोंदिया लोहमार्गावरील हे स्थानक असल्याने प्रकृती नाजूक असलेल्यांना रेल्वेनेही आणता येते. गावात नाटक मंडळ्यांची कार्यालये ओळीने थाटलेली असतात आणि खेड्यापाड्यांतील मंडळी येथे येऊन आपल्या गावासाठी नाटक ठरवतात. मग ठरल्या दिवशी पडदे, दिवे, वाद्ये आणि कलावंत गाडीत घालून मंडळी त्या गावी दाखल होते. या रंगभूमीवर आयुष्य वेचलेले गडचिरोली जिल्ह्यातील कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीच्या बाहेरही अनेकांना या नाटकांची ओळख झाली.

शहरातील हॉटेलांत अलीकडे जेवण आणि खेळ एकाच तिकिटावर मिळतो. झाडीपट्टीत तो बेत फार जुना आहे, फक्त जेवणाला तिकीट नसते. ज्या गावी नाटक, त्या गावातील प्रत्येक घर त्या दिवशी यजमान असते. लेकी-जावई, व्याही, मामा-मावश्या असा सारा गोतावळा दुपारपासून येऊ लागतो. मंडई असेल तर ती पाहून, शंकरपट असेल तर बैलांची धाव पाहून मंडळी घरी परततात. (शंकरपट मध्यंतरी काही वर्षे बंद होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिल्यावर तो पुन्हा सुरू झाला.) नव्या तांदळाचा भात, वरण, वांग्याची भाजी, कुणाकडे कोंबडीचा रस्सा अशा पंगती उठतात. सोयरिकीच्या गोष्टीही याच ओसरीवर निघतात आणि त्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांचा शब्द लागतो.

म्हणूनच वृद्धांना ‘थंडी आहे, झेपायचे नाही’ म्हणून मागे ठेवणे वाटते तितके निरुपद्रवी नाही. वर्षभर शेताच्या कामात गुंतलेली नातीगोती ज्या एका रात्री एकत्र येतात, ती रात्र त्यांच्या वाट्याला येत नाही. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढील सहा हजारांहून अधिक व्यक्तींची सुमारे चौदा वर्षे नोंद ठेवून केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. दर काही महिन्यांनी नाटक, संगीत, संग्रहालय अशा ठिकाणी जाणाऱ्यांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, त्या काळातील मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी कमी आढळला. हे निरीक्षणावर आधारलेले आहे. नाटक पाहिल्यानेच आयुष्य वाढते, असा त्याचा अर्थ काढू नये, कारण मुळात धडधाकट माणसेच अधिक बाहेर पडतात. संशोधकांनी आरोग्य, आर्थिक स्थिती यांचा हिशेब धरूनही संबंध पूर्णपणे पुसला गेला नाही, एवढे मात्र खरे.

आता त्या रात्रीकडे येऊ. कापणी झालेल्या बांधीत मंडप पडतो. अनेक गावांत प्रेक्षकांची जागा खोदून खोलगट करतात आणि निघालेली माती रंगमंचाला घालतात, त्यामुळे मागच्यालाही दिसते. ज्येष्ठांसाठी मात्र हा उतार आणि बांधाचा चढ हीच पहिली परीक्षा. उजेड असताना एकदा वाट पाहून ठेवावी, हाती काठी आणि बॅटरी द्यावी. जमिनीवर बसायचे असेल तर खाली तणीस, वर जाड सतरंजी हवी. गुडघे दुखत असतील तर खुर्चीचेच तिकीट काढावे, आणि तेही कडेचे, म्हणजे उठता-बसता येते. तासाभराने दोन पावले चालवून आणावे. पाय एकाच स्थितीत लोंबकळत राहिले तर घोट्यांवर सूज येते. कर्ण्याजवळची जागा टाळावी.

जेवणाची वेळ हा मधुमेहींचा कळीचा मुद्दा. पाहुण्यांच्या पंगतीत जेवण लांबते, आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी मात्र नेहमीच्या वेळी घेतलेली असते. अशा वेळी साखर एकाएकी घसरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे ही लक्षणे मंडपातील गर्दीत ‘थंडीने कापतायत’ म्हणून दुर्लक्षिली जातात. यजमानांना आधीच सांगून ज्येष्ठांचे ताट पहिल्या पंगतीत लावून घ्यावे. झाडीपट्टीत याचा कुणाला राग येत नाही. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असावी. मंडपाबाहेरच्या भज्यांबद्दल आणि जिलेबीबद्दल मी फार कडक होणार नाही. एक तुकडा खाऊ द्यावा, पुडा हाती देऊ नये.

दुसरी अडचण कुणी मोठ्याने बोलत नाही. रात्री लघवीला उठावे लागेल, म्हणून आज्या दुपारपासूनच पाणी पिणे सोडतात. त्यातून चक्कर, बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा दाह असे त्रास मागे लागतात. मंडपाजवळच्या कोणत्या घरी शौचालय आहे, हे यजमानीण बाईंना विचारून ठेवले की पाणी तोडण्याची गरज राहत नाही. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने बंद करू नये. या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. थंडी आणि पाण्याची कमतरता ही दोन्ही त्यांच्या वेदनेला निमंत्रण देतात, तेव्हा त्यांची काळजी वयाकडे न पाहता घ्यावी.

खरी थंडी पहाटे तीननंतर. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. कानटोपी, मोजे आणि घोंगडी सुरुवातीपासून जवळ असू द्यावी, कुडकुडल्यावर आणायला धावू नये. दम्याचा पंप उशाच्या पिशवीत नको, सदऱ्याच्या खिशात हवा. शेकोटी उघड्यावर ठीक. पण निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत नेऊन झोपू नये, तिच्या विषारी वायूचा वासही येत नाही.

आणि संपूर्ण नाटक पाहिलेच पाहिजे असे कुठे आहे? ‘मामाजी, दोन अंक पाहून येऊ,’ असे सुनेने आधीच सांगितले, की दोघांनाही मोकळे वाटते. स्मरणशक्ती कमी झालेल्यांना दीड-दोन तास पुरे. पेटीचे सूर आणि झाडीबोलीतील विनोद त्यांना अनेकदा ओळखीचे वाटतात, पण अस्वस्थता दिसताच निघावे. मात्र परतायचे ते गावातल्याच घरी. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीकडचे रस्ते वाघांच्या जंगलातून जातात. रात्री दुचाकीवर वृद्धांना बसवून निघण्यात शहाणपण नाही. मला तर वाटते, नाटक उजाडेपर्यंत चालण्यात ही सोयही असावी.

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, ताप असेल किंवा प्राणवायू लागत असेल, तर मंडपात नेऊ नये. त्यांच्यासाठी दुसरी सोय आहे. नाटकाचा आवाज गावभर पोहोचतो. खाट आतल्या दारापाशी ओढून, शेजारी कुणीतरी बसून नाटक ऐकता येते. ते ‘कुणीतरी’ दरवर्षी तीच सून असू नये, एवढे मात्र घरातल्या पुरुषांनी पाहावे. पाहुण्यांच्या पंगती वाढून, भांडी घासून, आजारी माणसापाशी बसणाऱ्या बाईने नाटकाचा पडदाही पाहिलेला नसतो. अंकाअंकाला पाळी बदलली तर तिलाही निदान शेवटचा अंक मिळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गोळ्या न्याहारीसह वेळेवर द्याव्यात आणि मग दुपारी दोनेक तास झोपू द्यावे. संध्याकाळपर्यंत झोप लांबली तर पुढची रात्र बिघडते. उठल्यावर चहा घेताना शेवटच्या अंकात काय झाले ते त्यांना सांगावे. ते ऐकण्यासाठी ते थांबलेलेच असतात.