चातुर्मासाचे सामान

श्रीक्षेत्र काशी, दुर्गाघाट
ज्येष्ठ वद्य पंचमी

चि. सौ. नलिनीस अनेक आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र पावले. ताईने यंदाचा चातुर्मास आमच्याकडे काढण्याचा निश्चय केला आणि डॉक्टरांनीही त्यास रुकार दिला, हे वाचून घरातील सर्वांस आनंद झाला. तिच्या राहण्याची, पथ्याची व सोबतीची तजवीज येथे आहेच. परंतु तिच्या सामानातील जी वस्तू आकाराने सर्वांत लहान, तिच्याविषयीच मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण इन्शुलिनची चिंता सारे घर वाहते आणि साखर तपासण्याच्या पट्ट्यांची डबी मात्र फणी-करंड्याबरोबर कोठेही पडलेली असते.

पुण्याच्या हवेत ही हयगय बरीचशी खपून जाते. येथे खपत नाही. आज हे लिहीत असता बाहेर लू वाहते आहे, आणि या दिवसांत येथे पारा ४४-४५ अंशांवर जाणे कोणास नवलाचे वाटत नाही. ताई येईल तोवर पाऊस लागलेला असेल, गंगेचे पाणी घाटाच्या पायऱ्या चढू लागलेले असेल, आणि गल्ल्यांतील आमच्या या जुन्या दगडी घरांच्या तळमजल्यांस जी ओल धरेल ती आश्विनापर्यंत सुटणार नाही. उष्णतेचा अंमल उठतो न उठतो तोच आर्द्रतेचा बसतो. आणि एकीवरचा उपाय तोच दुसरीला आमंत्रण, हे ज्यांच्या ध्यानी येत नाही ती माणसे उन्हापासून वाचविलेली वस्तू आपल्याच हाताने ओलीच्या स्वाधीन करतात.

इन्शुलिनला हवा गारवा, पट्टीला हवा कोरडेपणा; दोघांचे बिऱ्हाड एकत्र थाटू नये. मातीच्या दुहेरी मडक्यात, मधल्या ओल्या वाळूच्या आधाराने, इन्शुलिन थंड राखण्याची रीत वीज नसेल तेथे उपयोगाची आहे. लूच्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते आणि आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. पण श्रावणात हवाच बाष्पाने भरलेली असल्यामुळे ते मडके नुसते पाझरते, गार होत नाही. पट्ट्यांना तर ते कोणत्याच ऋतूत मानवणारे नाही. शीतकपाटाचेही तसेच: तेथून काढलेली थंड डबी दमट हवेत उघडली की आतल्या पट्ट्यांवर दव धरते.

पट्टीच्या टोकाशी एका विकराचा अतिसूक्ष्म थर असतो. काही पट्ट्यांत हा विकर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचा. तो १९२८ साली डेटलेव्ह म्युलर या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञाने एका काळ्या बुरशीत ओळखला. जी बुरशी ओलीवर पोसते तिचाच हा अंश पट्टीवर आल्यावर ओलीने निकामी व्हावा, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. रक्तातील साखरेशी त्याचा संयोग झाला म्हणजे शेजारच्या रसायनामार्फत विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो आणि यंत्र त्यावरून आकडा दाखविते. उष्णतेने वा दमटपणाने विकर दुर्बळ झाला तर आकडा वास्तवापेक्षा कमी येतो. ते रसायनच आधी बिघडले असेल तर उलट अधिक येतो, आणि त्या खोट्या आकड्यावर इतबार ठेवून कोणी इन्शुलिनची मात्रा वाढविली तर साखर ७० च्या खाली जाऊन प्राणावर बेतू शकते. पापड सादळला तर हाताला कळतो. पट्टी सादळली तरी दिसायला नवीच राहते. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे साखर १०० किंवा त्याहून अधिक असता शंभरांपैकी ९५ आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्क्यांच्या आत असावे लागतात, पण हा करार नीट जपलेल्या पट्ट्यांपुरताच आहे.

तेव्हा पट्ट्या त्यांच्या मूळच्या डबीतच राहू देत. त्या डबीच्या आतच ओल शोषणारे द्रव्य बसविलेले असते, म्हणून जागा वाचविण्यासाठी दोन डब्यांतील पट्ट्या एकीत ओतू नयेत, व चार पट्ट्या कागदात बांधून पर्समध्ये तर मुळीच ठेवू नयेत. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, एक पट्टी काढावी आणि झाकण तत्क्षणी घट्ट लावावे. डबीवर ठेवण्याचे तपमान छापलेले असते. त्याची वरची मर्यादा बहुधा ३० अंश. फोडल्याची तारीख वर लिहावी, कारण पुष्कळ छापांची मुदत तेव्हापासून नव्याने मोजावी लागते. ताईची खोली मी दुसऱ्या मजल्यावर केली आहे. तेथील लाकडी कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ही डबी राहील. भिंतीतला कोनाडा सोयीचा खरा, पण तोच सर्वांत आधी ओलावतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरही वर्ज्य. यंत्रालाही उष्णता मर्यादेपलीकडे सोसत नाही. ज्ञानगंगा एक्सप्रेसने येताना ते आणि पट्ट्या खिडकीशी उन्हात न ठेवता ताईच्या हातपिशवीत मधोमध असू देत.

आणखी एक. येथल्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. सावनातल्या सोमवारी विश्वनाथाच्या दर्शनासाठी एवढी गर्दी लोटते की सप्तसागरच्या दवामंडीपर्यंत जाणेही आम्हांस जड जाते. तेव्हा पट्ट्यांचा साठा दोन महिने पुरेल इतका पुण्याहूनच घ्यावा, मात्र लांब मुदतीचा, आणि एका वेळी एकच डबी फोडावी.

शेवटी, त्याच छापाच्या कंट्रोल सोल्यूशनची लहान बाटली अवश्य पाठीव. संशय येईल तेव्हा रक्ताऐवजी त्याचा थेंब पट्टीला लावून डबीवरील मर्यादेशी आकडा ताडून पाहता येतो. पहिली तपासणी ताई पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी करू आणि आकडा तुला कळवू. गाडीचा डबा व आसनाचा क्रमांक आधी कळवावा, म्हणजे मी स्टेशनवर हजर राहीन.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा