ज्याचं नाव, त्याचीच जागा

इंडोनेशियाहून परत आल्यापासून जो तो बालीचं विचारतो. देवळं पाहिलीत का, समुद्र कसा होता, जेवणाचे हाल झाले का. मी मात्र जावाच्या रेल्वेबद्दल बोलायला लागते आणि पाच मिनिटांत माझा आवाज चढतो. नवरा म्हणतो, "झालं सुरू पुन्हा." आता महिने उलटले तरी डोक्यातून जात नाही, त्याला मी काय करू?

बाकीचं आधी उरकते. मी आणि माझी नणंद, दोघी निवृत्त. मी बँकेतली, त्या ठाण्याच्या कोर्टातल्या. जकार्ताला उतरायचं, रेल्वेने जावा बेट पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडायचं आणि शेवटी फेरीबोटीने बाली गाठायची, असा बेत. बालीत रेल्वे नाहीच. सुमात्रात आहे, सुलावेसीत अलीकडे आली, मदुरा बेटावरची ऐंशीच्या दशकात बंद पडली. पण खरं जाळं जावात. डचांच्या काळात, 1867 साली, सेमारांगपासून सुरू झालेलं. जकार्ता ते बांडुंग ‘वूश’ नावाची बुलेट ट्रेनही 2023पासून धावते, ताशी 350 किलोमीटर. तिच्यात बसलो, फोटो काढले, उतरलो. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, इतक्या वेगात काही घडतच नाही.

पहिला धक्का दिला तो जकार्ताच्या लोकलने. मी सगळी नोकरी डोंबिवलीहून व्हीटीला जाऊन केली. त्यामुळे लोकल म्हटलं की माझ्या खांद्याची पर्स आपोआप पोटाशी येते. तशीच ती आणली आणि उभी राहिले. पहिला आणि शेवटचा डबा बायकांचा. जपानमध्ये वापरून झालेल्या गाड्या तिकडे आणल्यात. आमच्या डब्याचे दरवाजे बंद झाले, एसी सुरू होता, आणि कोणी ओरडत नव्हतं. गर्दी होती, नव्हती असं नाही. पण दारात लटकलेलं कोणी नाही, कारण दार बंद झाल्याशिवाय गाडी हलतच नाही.

हे शहर आधीपासून असं शहाणं नव्हतं, ही यातली गंमत. पंधरा वर्षांपूर्वी इथे लोक टपावरून प्रवास करत. रेल्वेने टपावर रंग फवारून पाहिला, कुत्री आणून पाहिली. 2012च्या जानेवारीत तर रुळांच्या वर साखळ्यांना सिमेंटचे गोळे टांगले, टपावर बसलात तर डोक्यात बसतील असे. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, काय क्रूर माणसं! पण पुढच्याच वर्षी बिनएसीच्या स्वस्त लोकल बंद झाल्या, कार्डाची तिकिटं आली, आणि टपावरचे लोक गेले. इग्नासियस जोनान नावाचे गृहस्थ तेव्हा रेल्वेचे प्रमुख होते. ते बँकेतून आलेले, म्हणून मला उगीचच अभिमान वाटला. आम्ही बँकवाले हिशेब चोख ठेवतो.

तर आता ती गोष्ट.

मध्य जावातलं एक स्टेशन. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण फाटकावरच्या पोरावर माझा राग नाही. तिकडे लांब पल्ल्याच्या गाडीत उभ्याने प्रवास नाही. जेवढ्या जागा, तेवढी तिकिटं. प्रत्येक तिकिटावर नाव, आणि फलाटावर पाऊल टाकायच्या आधी फाटकाशी तिकीट आणि ओळखपत्र ताडून बघतात. पोचवायला आलेल्यांनी बाहेरूनच हात हलवायचा.

आमच्या पुढे सत्तरीची एक बाई होती. फिकट जांभळा हिजाब, खांद्यावरून बाटिकचा शेला, आणि पायाशी इंडोमी नूडल्सचा खोका. गुलाबी प्लॅस्टिकच्या दोरीने तो चारी बाजूंनी आवळला होता आणि वर धरायला दोरीचीच पीळ दिलेली मूठ केली होती. इतका निगुतीने बांधलेला खोका मी एसटी स्टँडवर लहानपणी शेवटचा पाहिला असेन.

फाटकावरच्या मुलाने तिचं तिकीट पाहिलं, कार्ड पाहिलं, पुन्हा तिकीट पाहिलं. मग म्हणाला, "माफ, बू." एवढं मलाही कळलं. ती काहीतरी हळू आवाजात सांगू लागली. तो ऐकून घेत होता, मान हलवत होता, आणि पुन्हा म्हणत होता, "माफ, बू." रांगेत मागे एक कॉलेजातला मुलगा होता, त्याने इंग्रजीत समजावलं. तिकीट तिच्या मुलीच्या नावाचं होतं. मुलीला ऐनवेळी रजा मिळाली नाही, म्हणून आई निघाली. लेकाकडे बाळ झालंय. खोक्यात बाळंतिणीसाठी काय काय आहे.

"मग दुसरं तिकीट द्या तिला," मी म्हटलं.

"गाडी भरली आहे," तो म्हणाला.

आता हे नीट बघा. मुलीच्या नावाची जागा गाडीत आहे. त्या जागेचे पैसे भरलेत. मुलगी येणार नाही, म्हणजे ती जागा रिकामी जाणार. आणि आईला आत सोडायचं नाही, का, तर गाडीत जागा नाही! हे मी त्या मुलाला इंग्रजीत सांगितलं, मग फाटकावरच्याला हातवारे करून सांगितलं, मग राग आल्यावर मराठीत सांगितलं. तो माझ्याकडे बघून हसला, माझा पासपोर्ट मागितला आणि म्हणाला, "सिलाकान, मॅडम." म्हणजे चला आत.

माझ्या तिकिटावर नुसतं माझं नाव आणि आडनाव होतं. पासपोर्टवर मध्ये नवऱ्याचं नाव आहे. माझी दोन्ही नावं अक्षराला अक्षर जुळत नव्हती, तरी मी आत. तिच्याच देशात ती बाहेर.

"पासपोर्टचा नंबर जुळला की तुमचा," वन्सं म्हणाल्या. "तो नंबर बघतो, वहिनी."

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. रांगेतलं एकही माणूस बोललं नाही. आपल्याकडे असतं तर? वीस जणांनी कालवा केला असता. "अहो, म्हातारी आहे, जाऊ द्या ना." एखाद्याने फाटक धरलं असतं, दुसऱ्याने खोका उचलून आत ठेवला असता, आणि ते बघून तपासनीसानेही तोंड फिरवलं असतं. इथे सगळे शांत. कोणाच्या चेहऱ्यावर तुच्छता नव्हती, वाईटच वाटत होतं त्यांना. पण ते वाईट वाटणं तोंडातून बाहेर पडत नव्हतं. आणि ती बाई! तीच त्या मुलाची क्षमा मागत बाजूला झाली. सुरक्षारक्षकाने तिचा खोका उचलला, तिला खुर्चीवर बसवलं, पाण्याची बाटली आणून दिली, वाकून काहीतरी बोलला. तिला कोणी ढकललं असतं, वसकन अंगावर आलं असतं, तर मला भांडता तरी आलं असतं. इतक्या अदबीने केलेल्या गोष्टीशी भांडायचं कसं?

गाडी सुटायला मिनिटं उरली होती, वन्संनी मला दंडाला धरून आत नेलं. गाडी हलली तेव्हा फलाटावरचे कर्मचारी छातीवर हात ठेवून निरोप द्यायला उभे होते. तशी पद्धत आहे. मी तोंड फिरवलं. आमच्याच डब्यात एक जागा रिकामी होती. ती तीच असेल असं नाही, पण मी तीच धरून चालले आणि सारखी तिच्याकडे बघत राहिले.

वन्सं शांतपणे मला समजावत होत्या. त्यांचं म्हणणं, नाव सक्तीचं केलं ते दलालांमुळे. ईदला सगळं जकार्ता गावी निघतं. तेव्हा दलाल तिकिटं आधीच उचलायचे आणि दामदुपटीने विकायचे. एका म्हातारीसाठी नाव सोडलं की उद्या दलाल दहा म्हाताऱ्या उभ्या करील. कोर्टात नोकरी केलेलं माणूस, असंच बोलणार. मी म्हटलं, आपल्या रेल्वेत घरच्या माणसाच्या नावावर तिकीट करून मिळतं की.

"24 तास आधी अर्ज दिला तर," वन्सं म्हणाल्या. "फाटकावर नाही."

मी गप्प बसले, पटलं म्हणून नव्हे. पुढे बराच वेळ मनात तेच घोळत होतं, आणि मग नको ती आठवण आली. 2025च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींच्या बाजूने गेल्या, तेव्हा दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि त्यात जीव गेले. त्या वळणावरून मी नोकरीभर गेलेय. आपण दारातल्या माणसाला नाही म्हणत नाही. "या, या, अजून एक पाय मावेल," म्हणतो. ते माझ्या मते आपलं चांगलं मन आहे. पण त्याच चांगल्या मनाने माणूस दारात लोंबतो. मग काय, फाटकावरचा पोरगा बरोबर होता? नाही. त्या बाईपुरता तो चूकच होता. हे मी आजही सोडणार नाही.

पुढच्या टप्प्यासाठी योग्यकर्त्याहून पूर्वेच्या टोकाला जाणारी श्रीतंजुंग ही स्वस्तातली गाडी आम्ही मुद्दाम निवडली. सकाळी लेम्पुयांगन स्टेशनातून निघते, रात्री केतापांगला पोचते. भाडं आपल्या पाचेकशे रुपयांच्या घरात. एका डब्यात 106 जागा, एकीकडे तिघांचं बाक, दुसरीकडे दोघांचं. समोरासमोर बसायचं, पाठ ताठ, आणि समोरच्याच्या गुडघ्यात आपले गुडघे. जाणार असाल तर कमरेला उशी घ्या आणि तिकीट आधी काढा, अर्थातच स्वतःच्या नावाने. पण एसी आहे, संडास स्वच्छ आहेत, आणि तुमच्या जागेवर दुसरं कोणी बसलेलं नसतं. सुराबायाला इंजिन दुसऱ्या टोकाला लागलं आणि आम्ही उलट्या तोंडाने निघालो, तेव्हा वन्सं घाबरल्या. परत न्यायला लागले की काय!

माझ्यासमोर एक निवृत्त शिक्षिका होत्या. मादियून जवळ आलं तसा त्यांनी पिशवीतून केळीच्या पानात बांधलेला पेचेल काढला. उकडलेल्या पालेभाज्या, मोड, त्यावर दाण्याची चटणी, आणि वर दाणे घालून तळलेला कुरकुरीत पापडासारखा प्रकार. चटणीत गूळ, चिंच, मिरची आणि लिंबाच्या पानाचा वास. दाण्याचा कूट घालून आपण काय काय करतो, पण त्यात लिंबाचं पान घालायचं कधी सुचलं नाही. पूर्वी मादियूनला बायका टोपल्या घेऊन गाडीत चढत आणि हाच पेचेल पानात वाढून देत, असं त्या म्हणाल्या. आता फेरीवाल्यांना मज्जाव आहे. गणवेशातली मुलं ढकलगाडी आणतात, त्यावर डबाबंद भात आणि कॉफी.

"ते बरं की हे?" मी विचारलं.

"हे स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "तो चविष्ट होता."

आमच्या डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात टिकल्या, रबरबँड, निवडलेली मेथी विकणाऱ्या बायकांमुळे माझं अर्धं घर चाललं. त्या नसत्या तर संध्याकाळी सातला मेथी निवडत बसले असते. जकार्ताच्या स्टेशनांवरचे गाळे 2013च्या सुमाराला पाडले, तेव्हा विद्यार्थी गाळेवाल्यांच्या बाजूने उभे राहिले होते. गाळे गेलेच. स्टेशनं आता लख्ख आहेत. मी लख्ख गाडीत बसून त्या शिक्षिकाबाईंचा पेचेल खाल्ला आणि लख्खपणाला नावं ठेवली.

केतापांगहून फेरीने पाऊणएक तासात बालीतलं गिलिमानुक. घड्याळ एक तास पुढे करा, बालीची वेळ वेगळी आहे. आणि इथे रूळ संपले. देनपासारला जायला एक छोटी बस उभी होती, भरल्याशिवाय सुटणार नाही अशी. माझ्या माहेरचं, कराडकडचं वडाप अगदी. पोरगा दारात लोंबून हाका मारत होता. तीन माणसांच्या बाकावर पाच झाली. कोंबड्यांची टोपली आली, दोन पोती आली, एक म्हातारी तिच्या सुनेसकट आली. कोणी तिचं नाव विचारलं नाही. सगळे सरकले. मला इतकं भरून आलं की मी वन्संना म्हटलं, "बघा, याला म्हणतात माणुसकी!"

पहिल्या घाटापर्यंत ती माणुसकी टिकली. मग एका पोत्याने माझा डावा पाय दाबला, मागून कोणीतरी कोपर मारलं, आणि बस पुन्हा थांबून आणखी दोघांना घ्यायला लागली. मी ओरडले, "अरे, आता कुठे बसवणार? जागा नाही!"

वन्सं इतक्या हसल्या की समोरची म्हातारी पण हसायला लागली. ते दोघे चढलेच. एक जण माझ्या बाकाच्या हातावर टेकला आणि देनपासारपर्यंत तिथेच होता.