भूकंपातली गोधडी

सांगली,
2 डिसेंबर

चि. सोनू हिस,


पार्सल पोचलं हे तुझ्या फोटोवरून कळलं. गोधडी सोफ्याच्या पाठीवर पाहुण्यासारखी बसवून ठेवलीयस. ती वापरायची असते गं. फोटोखाली विचारलंस, एक कोपरा तपकिरी का आणि टाके मधेच मोठे, मधेच बारीक का? फोनवर सांगत बसले तर तुझं बाळ उठायचं, म्हणून लिहितेय. शिलाई मशीन घेतलं आणि एक झबलं काही पुरं होईना म्हणून तू वैतागलीयस, त्याबद्दलही चार शब्द सांगायचे आहेत.

11 डिसेंबर 1967, सोमवार. पहाटे साडेचारच्या आत कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धक्का पार मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला. आम्ही तेव्हा साताऱ्यात. मी पाच वर्षांची, तुझा मामा तीनचा आणि तुझ्या आईला नुकताच सव्वा महिना झालेला. तुझ्या आजीनं तिला पाळण्यातून उचललं, मला दंडाला धरलं आणि बाहेर काढलं. मला आठवते ती अंगणातली थंडी, आणि सगळी मोठी माणसं एकदम बोलत होती ते.

पुढे कितीतरी दिवस लहानमोठे हादरे बसत राहिले. घरात झोपायची कुणाची छाती होईना. मोकळ्या जागेत मांडव घातले, खाली कडबा पसरला. मार्गशीर्षातली थंडी, आणि पांघरुणं मोजकी. शेजारच्या एक काकू आजीला म्हणाल्या, ‘वैनी, रडून काय हुनार? लुगडी काढा, वाकळ घालू.’ ही गोधडी त्या मांडवात झाली.

एक नऊवारी लुगडं चार पदरी दुमडलं की एका माणसाला पुरेल एवढी गोधडी होते. आजीच्या सासूबाईंचं हिरवं इचलकरंजी लुगडं वरच्या बाजूला आलं, आत आजोबांची विरलेली धोतरं. (इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी आणला. आमच्या लहानपणी आसपासच्या घराघरांत तिथलीच लुगडी असायची.) सगळं ताणून अंथरायचं, चार कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या, मोठे कच्चे टाके घालून थर पकडून घ्यायचे. मग कडेनं धावदोरा सुरू करायचा. एक चौकोनी फेरा पुरा झाला की बोटभर आत सरकून दुसरा, असं करत मध्यापर्यंत यायचं.

आता तुझं मशीन. आजीच्या पदरात तीन पोरं, त्यातलं एक अंगावर पिणारं. तिनं एवढं शिवलं कसं, असं तू विचारतेस. धावदोरा कुठेही सोडता येतो, हे त्यातलं खरं कारण. पोर रडलं की सुई गोधडीतच टोचायची, मागे लाल दोऱ्याची हातभर शेपटी ठेवायची म्हणजे सुई नजरेआड होत नाही, आणि उठायचं. परत येऊन बसेल ती बाई त्याच टाक्यापासून पुढे. ती आजीच असायला हवी असंही नाही. काकू बसत, कुणाची सासू बसे. म्हणून टाके वेगवेगळे आहेत. हिरव्या बाजूला एक ओळ वीतभर भलतीकडेच गेलीय बघ, तिथे मामा गोधडीवर लोळत होता आणि कुणाला त्याला उठवायचा धीर झाला नाही.

मशीनच्या शिवणीला हे चालत नाही. बाही जोडताना मधेच उठलं की परत येईपर्यंत कापड सरकलेलं, पोराचा हात चाकाजवळ गेलेला. मला तर वाटतं, तान्ह्या पोरांच्या आयांनी मशीनवर बसूच नये, पण तू ऐकणार नाहीस. आजीनं हातमशीन घेतलं ते तुझी आई तीन वर्षांची झाल्यावर, उषाचं, जुनं. उषा कंपनीनं कोलकात्यात मशीनं बनवायला तीसच्या दशकात सुरुवात केली. आजीचं मशीन त्यातलं कितवं कोण जाणे, पण ते अजून चालतं. चाक फिरवायचं काम आम्हा पोरांकडे. ‘हळू… आता थांब… आता दोनच टाके,’ असा हुकूम सुटायचा. तिचे दोन्ही हात कापडाला मोकळे राहायचे आणि आम्ही एका जागी बसायचो. पाळीवरून मात्र रोज भांडणं.

तान्ह्या बाळाचे कपडे ती हातानंच शिवायची. अंदाजानं बेतायची, फार तर ‘ऐक्य’ वर्तमानपत्राच्या जुन्या अंकावर आकार काढून घ्यायची. झबल्याला बटण नाही, बंद; बटण ओढून तोंडात जातं. शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे अंगाला टोचत नाही. कापड जुनं, धुऊन मऊ झालेलं. आणि सगळं वाढत्या अंगाचं. तू दुकानातून आणलेला कागदी नमुना बाळाच्या आजच्या मापाचा आहे, तो पुढच्या महिन्यात होणार नाही. बाजूच्या शिवणींत भरपूर माया ठेव, लांबीला दुमड ठेव.

सत्तरच्या दशकात आमच्याकडे नायलॉन आणि टेरिलिनच्या साड्या आल्या, आणि त्यानंतर गोधड्या कमी झाल्या. चादरींनी संपवल्या असं लोक म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. नायलॉन सुईखाली घसरतं, घाम पीत नाही, थर एकमेकाला धरत नाहीत. गोधडी घालायची कशाची? आता पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत गोधड्यांना चांगला भाव येतो. शिवणाऱ्या बायकांच्या हाती चार पैसे येतात, ते मला आवडतं. मशीनवर आडव्या-उभ्या रेघा मारलेल्या दुलईला गोधडी म्हणून विकतात, ते नाही. माण-खटावकडच्या बायकांनी आपल्या कामाचं मोल आमच्या आधी ओळखलं. म्हसवडला कार्यकर्त्या चेतना सिन्हांबरोबर त्यांनी 1997 मध्ये स्वतःची माणदेशी महिला बँक उभी केली. आजीला तिच्या शिवणकामाचा दर कुणी विचारलाच नाही.

मला पहिला मुलगा झाला तेव्हा गोधडी साताऱ्याहून सांगलीला आली. वरचं लुगडं फाटत गेलं तसं मी त्यावर नवं चढवत गेले. उसवलेला कोपरा उलटून बघ: वर माझी निळी सुती साडी, खाली मुलांच्या शाळेच्या शर्टाची पट्टी, मग हिरवं लुगडं, मग धोतर. तपकिरी डाग आमच्या कृष्णामाईचा. ऑगस्ट 2019 मध्ये पुराचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा गोधडी कपाटाच्या खालच्या खणात होती. भिजलेली गोधडी दोन बायकांनाही उचलवेना. रिठा झाला, सोडा झाला, गाळाचा रंग काही गेला नाही.

तुमच्या तिकडच्या नर्सबाई पाळण्यात पांघरूण ठेवू नका म्हणतात ना, त्यांचं ऐक. दिवसा जमिनीवर अंथर, बाळाला त्यावर पालथं पडू दे. मोठं झालं की पांघरेल. आणि आईनं दिलेल्या सुती साड्यांपैकी जी विरली असेल ती निळ्या साडीवर चढव. कडेचा फेरा आधी घाल, बाकी जमेल तेव्हा. तुझ्या बाळाला दात येईपर्यंत दोन फेरे झाले तरी पुष्कळ.

यंदा त्याची पहिली संक्रांत, तेव्हा बोरन्हाण करशीलच. काळं झबलं मी शिवून पाठवते, बंदाचंच. हलव्याचे दागिने पाठवत नाही, कस्टमवाले त्याला काय समजतील सांगता येत नाही आणि पोरं ते तोंडात घालतात. बोरं तिकडे मिळायची नाहीत. चुरमुरे टाक, लागत नाहीत. फक्त गळ्यापासून गुडघ्यापर्यंतचं आणि छातीचं माप आठवड्याभरात कळव, सेंटिमीटरमध्ये चालेल. टपालाला किती दिवस लागतात ते तुला माहीत आहेच.

जावईबापूंना आशीर्वाद, बाळाला गोड पापा.

तुझी,
मावशी